शेवटचं बटण

बांबोळीच्या डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, पंच्याहत्तर टक्के.
परतताना बसमध्ये मी हिशेब करत राहिले,
उरलेले पंचवीस कुठे असतील?
मानेत, हसण्यात,
की खिडकीच्या काचेवर नाक दाबून
तो जे पुटपुटत होता त्यात?

नाव शाणू. म्हणजे शहाणा. पणजोबांचं.
गावात हाक मारताना लोक क्षणभर थांबतात,
अंधारात पुढे पायरी आहे का
ते पायाने चाचपावं तसं.

सासूने देवीला कौल लावला.
कौल उजवा मिळाला.
किती वर्षांनी, ते विचारायचं राहून गेलं.

मंगळवारी वाळपईहून लुर्दिना टीचर येते,
स्कूटरच्या डिकीत मणी, चिमटे, चित्रांचे पत्ते.
पहिल्या दिवशी तिने शाणूला काहीच विचारलं नाही.
माझे हात बघत बसली.
"तुम्ही फार भरभर करता," म्हणाली.
खरं होतं. सात वर्षं मी त्याचा शर्ट
उतू जाणारं दूध उतरवावं
तसा घालत आले होते.

"उलटं शिकवू. वरची पाच तुम्ही लावा.
सहावं काजातून अर्धं बाहेर काढून ठेवा,
आणि हात मागे घ्या.
शेवटचं त्याचं."

हात मागे घ्यायला
मला कुणी शिकवलं नव्हतं.

खाण बंद पडून ट्रक विकला तेव्हापासून नवरा कमी बोलतो.
एका सकाळी बघते तर शर्टाची सगळी काजं
ब्लेडने जराजरा रुंद केलेली.
विचारलं, तर म्हणाला, उंदीर असतील.

महिन्यातून एकदा पालकांची सभा.
छोट्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन आम्ही बसतो.
गुळेलीची प्रेमावती म्हणाली, "आमच्यानंतर..."
आणि पंखा ऐकू येऊ लागला.
मग कुणीतरी पेन्शनच्या फॉर्मचं विचारलं.
फॉर्मवर आम्ही सगळे
फार वेळ, फार उत्साहाने बोललो.

फाल्गुनात बागायतीत बोंडांचा ढीग पडला होता.
हातभर रस, वर माश्या.
शाणूने एक बोंड उचललं,
अंगठा आणि बोट,
एक पीळ,
बी वेगळी.
मग दुसरी. मग तिसरी.
मी "अरे" म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

मंगळवारी टीचर त्या चिकट मातीत बसली, फ्रॉकसकट.
त्याच्या बोटांत बटणाची कड दिली.
"बी काढ, शाणू."

त्याने काढली.
बटण बाहेर आलं, सबंध.
टीचरने नाक पुसलं आणि वहीत तारीख घातली.

ते होऊन दोन पावसाळे गेले.
आता खालची पाच त्याची आहेत.
गळ्याजवळचं एक अजून माझ्याकडे आहे.
काल त्याने एक काज चुकवलं,
सगळा शर्ट एका बाजूला वर चढला,
पाण्यात काठी तिरकी दिसावी तसा.
माझे हात आपोआप उठले.
त्याने ते धरले, खाली ठेवले.
"राव," म्हणाला. थांब.

चुलीवर भात करपत होता.
मी थांबले.