पिवळा अंगठा

रायगोंडा मगदूम दिवसभर मार्केट यार्डात
हळदीची पोती तोलायचे
आणि रात्री सांगलीतल्या आमच्या हौशी नाटकांना
विंगेत बसून शब्द द्यायचे.
संहितेच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात
एक पिवळा अंगठा.
चाळीस वर्षं नाटकं केली त्यांनी,
समोरून एकही पाहिलं नाही.

मी एकोणीस वर्षांचा.
माझ्याकडे सामान: कंदील, काठी,
आणि तिसऱ्या अंकातलं पत्र,
म्हणजे घडी घातलेलं विजेचं बिल.

त्या रात्री वसुधा आरवाडे
ते बिल हातात धरून उभ्या राहिल्या
आणि थांबल्या.
तालमीत इथं थांबायचं नव्हतं.

एक खुर्ची करकरली.
मागं कुणीतरी खोकलं.
बाहेर ट्रक मागे घेताना क्लीनर ओरडत होता,
येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या.
दिग्दर्शक माझ्या खांद्यावरून फुसफुसले,
"अहो मगदूम, द्या की शब्द!"
मगदूमांनी नुसता तळवा वर केला.
दुसऱ्या हाताचा अंगठा ओळीवर,
डोळे मिटलेले.

किती वेळ गेला सांगता येत नाही.
मग बाई बोलल्या. ओळ तीच,
पण इतकी हळू
की पहिली रांग पुढं झुकली, मग दुसरी,
वाऱ्यानं शाळू वाकत जावा तशी.

नंतर चहाच्या गाड्यावर विचारलं, कसं कळलं?
"इसरलेला माणूस श्वास आत वढतोय,
थांबलेला सोडतोय.
त्येवढंच ऐकायचं असतंय.
शब्द काय, कागदावर हायतच की."

मला वाटलं, कळलं.
कुठलं कळतंय.
पुढची वीस वर्षं
कवितेच्या दुसऱ्या ओळीला मी मान डोलावत आलो,
चौथ्या ओळीला मत तयार.
चित्रापुढं उभा राहिलो तो
शेजारच्याला सांगायचं वाक्य घोळवत.
समेच्या आधीच माझी 'वा' निघून गेलेली असायची.
लोक रसिक म्हणायचे मला.

परवा विश्रामबागेत त्यांच्या घरी गेलो.
कानात मशीन, मधूनच शिट्टी घालणारं.
माझी नवी कविता वाचून दाखवली.
दहाव्या ओळीशी अडखळलो.
त्यांच्यापुढं कागद नव्हता,
तरी अंगठा
सतरंजीच्या एका पट्ट्यावर टेकलेला.

"इसरला न्हाईस," ते म्हणाले,
"थांबला बी न्हाईस.
श्वास मधीच आडाकला तुझा.
ती वळ तुलाच पटंना."

आतून सुनेनं विचारलं, चहा टाकू का?
कुणीच उत्तर दिलं नाही.
मी पेन मागितलं.
त्यांनी खिशातलं काढून दिलं.
टोपणाच्या खाचेत
अजून हळद होती.