खूण

लिएपायाच्या बंदरामागे जुना दोरखाना आहे,
तिथं विझ्मा चित्रं काढते.
उजवा खांदा कामातून गेला, म्हणून डाव्या हातानं.
रेष थरथरते. थरथरू दे, म्हणते.

आठ वर्षं आम्ही दुहेरीत एकत्र खेळलो.
स्वस्त हॉटेलं, एकच हीटर,
त्यावर वाळत घातलेले दोघींचे मोजे.
मी नेटपाशी असायचे,
मागून तिचा श्वास ऐकला की कळायचं
चेंडू कुठे जाणार.

आता भिंतभर कागद, आणि प्रत्येकावर तेच:
लाल मातीत चेंडू टेकून घसरतो ना,
तो लांबट डाग.
चारशेच्या वर झाले. मी मोजणं सोडलं.

कुठला डाग, ते मला ठाऊक आहे.
पात्रता फेरी, तिसरा सेट.
हिनंच बोट वर करून खेळ थांबवला,
पंच खुर्चीवरून उतरत होते,
आणि हिनंच बुटानं खूण पुसली.
पुसली म्हणजे गुण समोरच्यांना. नियमच तसा.
माझी पाठ होती तिकडे.
त्या रात्री मोजे वेगवेगळे वाळले.

काल तिचे वडील आले, आर्वीड्स.
जन्मभर रॅकेटच्या तारा ताणल्या त्यांनी,
बोटांवर अजून चिरा.
टोपी हातात धरून एकेका कागदापुढून गेले.
खिडकीजवळच्या एकाशी वाकले, गुडघ्यांवर हात,
बराच वेळ.

"बाहेर होता."

विझ्मा ब्रश धूत होती.
"हो," म्हणाली,
आणि नळ आणखी मोठा केला.