तिसरी ओळ

राजारामपुरीत आठव्या गल्लीतल्या शाळेत
गवत प्लास्टिकचं, झाडून काढलेलं.
मॅडम म्हणाल्या, कॅमेरे आहेत,
दिवसभर मोबाईलवर दिसेल तुम्हाला.
रडली तर?
आवाज येत नाही त्यात, म्हणाल्या.

शाहूपुरीतल्या बाईंनी जुईला रंग विचारले.
पिवळ्या चौकोनावर बोट ठेवून ती म्हणाली, गूळ.
बाईंनी वहीत फुली मारली.

मग उद्यमनगरच्या मागं, लेथच्या घरघरीत,
पत्र्याची एक बालवाडी.
नळ माझ्या गुडघ्याच्या उंचीवर.
मी वाकून पाणी प्यायले, तहान नसताना.
कोपऱ्यात एक पोरगं मोठ्यानं रडत होतं
आणि शेवंतामावशी, त्याला गप बस न म्हणता,
शेजारी बसून पावटा सोलत होत्या.
एक शेंग त्याच्या मुठीत.

फी विचारायची राहूनच गेली.

फॉर्मवर होतं: न्यायला कोण येईल? तीन नावं.
पहिलं माझं.
दुसरं जयसिंगचं, खाली बारीक अक्षरात
'पाळी बदलली नाही तर'.
तिसऱ्या ओळीवर पेन टेकवून बसले.
आई मिरजेला. नणंद दोन वर्षं बोलत नाही.
वरच्या मजल्यावरच्यांचं आडनावही माहीत नाही मला.

असू दे ओ, मावशी म्हणाल्या,
उरल्याली पोरं सांजच्याला
माझ्यासंगं मंडईत येत्यात.

गाडीवर पुढं उभी जुई,
एका हातानं आरसा धरलेला.
दुसऱ्या मुठीत शेंग.
कुणी दिली, कधी, मला दिसलं नव्हतं.
घरी आल्यावर म्हटलं, दे, सोलून देते.
देईना.