सदस्य क्रमांक सात

पहिल्या सभेला खुर्च्या नव्हत्या.
खारवण विभागातले आम्ही चाळीस-एक जण
उरुग्वे नदीच्या धक्क्यावर
पालथ्या पेट्यांवर गोल बसलो होतो.
मधे किटली. एकच तुंबा, एकच पोलादी नळी,
येर्बाचा कडू हिरवा घोट
या ओठांतून त्या ओठांत.
आमच्याकडे रीत अशी :
पुरे झालं, तर तुंबा परत देताना 'आभार' म्हणायचं.
नाही म्हटलं, तर पाळी पुन्हा येते.
त्या संध्याकाळी कोणीच म्हटलं नाही.

पाणी ओतायला एलेउतेरिओ,
का, तर त्याचा हात थरथरत नसे.
इतिवृत्त लिहायलाही तोच,
का, तर आमची अक्षरं म्हणजे कागदावर मेलेल्या माशा.
मीच म्हटलं होतं, वही त्याला द्या.
सूचक : झुल्मा बारेइरो. पहिल्या पानावर आहे अजून,
असं म्हणतात.

माणूस चांगला, हे आधी सांगते.
बत्तीस दिवसांच्या संपात
आमच्याइतकंच पाणचट कालवण प्यायला.
रात्रभर बसमधून मोंतेविदेओला गेला
आणि आला तेव्हा तोंडात नवे शब्द घेऊन आला,
पोटकलम, यथास्थिती, सक्षम प्राधिकारी.
जिंकलो.
आठ टक्के आणि रबरी बूट.

बूट आधी कोणाला, म्हणून यादी झाली.
यादीला फाइल लागली, फाइलीला कपाट,
कपाटाला किल्ली,
आणि किल्लीला एक खिसा.

दर वर्षी विचारायचे, दुसरं कोण उभं राहतंय?
दिवसभर डोक्यावरच्या आकड्यांना
धडं अडकवणारे आमचे हात,
वर करायला सराईत.
पण कोणता कागद कुठे, ते त्याला ठाऊक,
त्याला, निल्दा ओचोआला,
फागुंदेसला आणि त्याच्या मेहुण्याला.
गणपूर्ती साठावरून तिसावर आली,
तिसावरून 'हजर असतील तितके'.
तो ठराव झाला तेव्हा मी कुठे होते?
रात्रपाळीला. सभा आठला होती.
मुद्दाम नव्हती ठेवली कोणी.
आठला त्यांना जमायचं, इतकंच.

मंगळवारी माझी दोन बोटं घेऊन गेले,
शीतगृहात बधिर झालेली, आता काळी पडलेली.
खिडकीतली पोरगी म्हणाली, अर्ज सदस्यानंच करायचा.
म्हटलं, मी सदस्यच.
क्रमांक?
सात.
तिला वाटलं, पुढचे आकडे विसरले.

काचेपलीकडे पाच जण गोल बसले होते.
किटली तीच. संपात घोड्याची लाथ बसून
आलेला पोचाही तोच.
एलेउतेरिओनं मला पाहिलं.
उठला, खरंच उठला, दार उघडलं,
केस किती पिकले ग, म्हणाला,
आणि भरलेला तुंबा पुढे केला.
तितकाच कडू. तितकाच नीट ओतलेला.
त्या चार भिंतींत माझे बूट वाजत होते,
म्हणून की काय, परत देताना
मी म्हटलं,
आभार.
त्यानं मान हलवली. पाळी पुढे गेली.

बस येईपर्यंत धक्क्यावर मोजत बसले,
कोण कधी म्हणालं होतं ते :
बार्तोलो, गुडघ्यांपायी.
इर्मा, पोराला ताप होता त्या हिवाळ्यात.
सोसा भाऊ, दोघं एकदम,
कुठल्याशा फुटबॉलच्या सामन्यासाठी.
कोणाला कोणी हाकललं नव्हतं.

अर्ज आत आहे.
क्रमांकाच्या सहा चौकटींपैकी
शेवटच्या एकीत सात,
अलीकडच्या पाच रिकाम्या.
पोरगी म्हणाली, असा घेता येणार नाही बहुतेक,
पण विचारते.