रीडिंग

शरयू बंगळूरला गेली, लेकीच्या बाळंतपणाला.
जाताना डबे, बरण्या, गॅसचा नंबर, दूधवाल्याची सुट्टी,
सगळं सांगून गेली.
मोरीबद्दल एकच वाक्य:
"पावडर बेतानं घाला."

बेत म्हणजे किती?
एकतीस वर्षं मी वीज मंडळात मीटर वाचले,
परदेशीपुऱ्यापासून पार राऊपर्यंत.
बेत हे काही माप नव्हे.

पहिल्या रविवारी दोन मुठी घातल्या
आणि वर एक, गुण यावा म्हणून.
फेस टबातून उतरला, उंबरा ओलांडून
पाहुण्यासारखा पुढच्या खोलीत आला.
चार पाणी झाली तरी जाईना.
शर्ट वाळले ते पापड होऊन,
आणि दिवसभर काखेत खाज.

मग मी वही काढली,
निवृत्तीच्या दिवशी चुकून घरी आलेली, कोरी.

मशीन लावण्याआधी मीटर, लावून झाल्यावर मीटर.
वीज: नगण्य.
(आमचं खातं निर्दोष सुटलं, बरं वाटलं.)
खरा चोर निघाला बोअरचं पाणी.
जड पाणी, नुसती पावडर गिळतं
आणि पांढऱ्यावर राखाडी ढेकर देतं.
नर्मदेला निम्मी पुरते.
नर्मदा येते एक दिवसाआड, पहाटे सव्वापाचला, चाळीस मिनिटं.
आता मी वार बघत नाही,
नळ बघतो.

त्याच एका पाण्यात आधी पांढरे, मग फिके, मग गडद,
शेवटी पायपुसणी.
खळबळल्याचं पाणी फरशीला,
उरलं तर संडासात.
सत्तर किलोमीटर घाट चढून आलेल्या बाईला
एकदा हात धुवून वाटेला लावणं बरं दिसत नाही.
झटका नीट बसला तर इस्त्री निम्मी.
रंगीत उलटे, सावलीला.
समोरचे मुंगी तारेवरचे माझे लेंगे मोजतात
आणि काही बोलत नाहीत.

वहीत एक रकाना जास्तीचा पडला होता.
त्यावर लिहिलं: घासायला लागलेली मिनिटं.

टोपलीच्या तळाशी तिच्या दोन साड्या राहिल्या होत्या.
पाण्यातून काढल्या, झाल्या.
शून्य.
माझी कॉलर: सहा.
कफ: चार.
लेंग्याची नाडी जिथे बसते तिथे, जाऊ द्या, तीन.
आठवड्याचे सगळे शर्ट धरून चाळीस मिनिटं.

सवय वाईट. गुणाकार केला.
बावन्न आठवडे, तेहतीस वर्षं.
सत्तेचाळीस दिवस, सोळा तास.
रात्री धरून, न झोपता, ओल्या हातांनी,
माझ्या एकट्याच्या मानेपायी.

एवढं कुणाचं थकलं असतं
तर आम्ही कनेक्शन कापत होतो.

रात्री तिचा फोन. बाळाला कावीळ होती, उतरली.
मी आकडा सांगणार होतो. गळ्याशी आला होता.
म्हटलं, "कॉलर फार घासावी लागते गं."
"घासता कशाला?" ती म्हणाली,
"आदल्या रात्री ओली करून साबणाचा तुकडा फिरवून ठेवा.
सकाळी आपोआप सुटते."
"हे तुला कधी कळलं?"
"पहिल्याच वर्षी."
मागे बाळ रडलं, तिनं फोन ठेवला.

म्हणजे माझं बिल चुकीचं.
ज्या तासांचं मला एवढं ओझं झालं होतं
ते तिनं कधीच वाचवले होते,
आणि कुठे घातले, ते मला माहीत नाही.
त्याचा मीटर कुठल्याही भिंतीवर नाही.

आकडा खोडला नाही.
पुढे लिहिलं, जसं वादातल्या ग्राहकापुढे लिहायचो:
जागेवर जाऊन तपासणे.

मग उठलो, तीन कॉलरी ओल्या केल्या,
संपत आलेल्या वडीचा चपटा तुकडा फिरवला,
पाचचा गजर लावला.
उद्या नळाचा दिवस.