स्वल्प तडी

बाटली दोन दिवस उभी आहे
तांदळाच्या डब्याशेजारी, फडक्यात गुंडाळून.
इराप्पाच्या जावयानं अथणीकडून धाडलेली.
सोबत चिठ्ठी, कन्नड वळणाच्या गोलगोल मराठीत :
आडवी करू नका, गाळ आहे.
प्यायच्या आधी तासभर हवेला ठेवा.

हवेला ठेवायचं, पण कशात?
आमच्याकडं पाणी तांब्यात, ताक चंबूत,
आणि दारू असलीच तर कुणाच्या तरी खिशात.
मग माळ्यावरून तो फ्लास्क काढला,
बूड रुंद, मान बारीक.
कॉलेजनं मला निरोपाला दिलेला नव्हे,
मीच आणलेला. आता सांगायला हरकत नाही.
सत्तावीस वर्षं प्रयोगशाळेत
पोरांच्या हातून फुटलेली काच झाडली,
एक न फुटलेली घरी आणली.
राखेनं धुतला, लिंबानं धुतला,
हुंगला,
पुन्हा धुतला.

"आण इकडं," परशराम म्हणाला.
उद्यमबागेत एकतीस वर्षं त्यानं लोखंड ओतलं.
ओतायचं मला शिकवू नकोस.
मी बॅटरी धरली बाटलीच्या मानेमागं.
तो खुर्चीच्या कडेला सरकला,
कोपर बरगडीला टेकवून
धार सोडली, करंगळीएवढी,
काचेच्या आतल्या अंगानं पसरत उतरणारी.
"साच्यात हवा शिरली की माल भंगारात," म्हणाला,
"आणि हिला म्हणे हवाच पाहिजे."
मानेपाशी काळी रेघ आली.
मी तोंड उघडायच्या आत मनगट वर.
"स्लॅग."
तळाला दोन बोटं चिखल राहिला.

साडेसात.
"झालं की. काय बघूलालीस? ओत."
मी म्हणाले, दम धर.
आणि दोघंही गप्प झालो.
दमच तर धरता येत नाही त्याला,
साच्यांची ती मऊ वाळू छातीत बसल्यापासून.
जिन्याच्या मधल्या पायरीवर तो थांबतो
आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचतो,
कुणी मागून येत असेल तर.
ते मागच्या सालचं आहे.

इराप्पा आला, चप्पल काढताकाढताच विचारलं, उघडली?
परशरामनं स्टीलचा पेला पुढं केला.
"स्वल्प तडी, माराया," इराप्पा म्हणाला.
"उसिराडलि अदु."

उसिरु म्हणजे श्वास. श्वास घेऊ दे तिला.
चाळीस वर्षं शेजारी राहून
ऐकलाय हा शब्द, बाळंतिणीच्या दारात, दवाखान्यात,
आणि दर वेळी मला आपला उशीरच ऐकू यायचा.
त्याची आई गेली त्या रात्री
गंगव्वा ओसरीवरून ओरडली, उसिरु होतु,
मी कणीक मळता मळता उठले,
म्हटलं, उशीर झाला म्हणतेय.
फार काही चुकले नव्हते.

तर तिघं बसलो फ्लास्कभोवती.
आधी ओल्या पोत्याचा वास होता,
मग कशाचाच नाही,
मग लांबून जांभळासारखा काहीतरी,
इराप्पा म्हणाला तंबाखू.
निपाणीचा माणूस, त्याला सगळ्यातच तंबाखू.
मधल्या वेळात दोघांनी
चौऱ्याऐंशी सालचा संप पुन्हा एकदा केला
आणि पुन्हा एकदा हरले.

चाळीस मिनिटांवर ओतलीच.
परशरामनं घोट तोंडात फिरवला, गिळला,
"आंबट आहे."
आणि पेला पुढं केला.

थोडी मी फ्लास्कात ठेवली होती,
पुऱ्या तासाची कशी लागते ते बघायला.
इराप्पा गेल्यावर, भांडी घासून झाल्यावर,
ओट्याशी उभ्यानंच चाखली.
फरक होता.
कुणाला सांगितला नाही.

आत परशराम झोपलेला,
पाठीशी तीन उशा,
मान वर,
तोंड किंचित उघडं.