कुणाच्याही नावावर नसलेली जागा

ग्लेन गोराईहून आला, गळ्यात पेनड्राइव्ह.
चपला काढल्या, आईने दिलेले ओले बोंबील माझ्या फ्रिजमध्ये ठेवले,
मग म्हणाला, मावशी, बॅकअप?

घेतलाय. दोनदा.
एक हार्डडिस्कवर, ती तांदळाच्या डब्यात.
एक डीव्हीडीवर.
डीव्हीडी हल्ली कोण करतं, तो हसला.
ज्याचं काही जाऊ शकतं, तो.

जुनं काढायचं नाही, मी तिसऱ्यांदा बजावलं.
जुन्यात एकवीस वर्षांच्या लग्नपत्रिका आहेत,
मुंजी, वास्तुशांती, तेराव्याची कार्डं,
सोसायटीच्या निवडणुकीचं एक पत्रक.
सगळं त्या फाँटात, जो दुसरीकडे उघडला
की कुलस्वामिनीचीही डॉलर आणि स्वल्पविराम होतात.
पण जुनं आता दमतं.
ते चालू होईपर्यंत चहा उकळून, गाळून, पिऊनही होतो,
आणि कंपनीने त्याचं औषधपाणी कधीच थांबवलंय.

काढत नाही, ग्लेन म्हणाला. थोडं सरकवतो फक्त.
हे वाक्य मी या शहरात फार ऐकलंय.

आता वायरला हात नाही लावायचा.
लॅपटॉपची बॅटरी दोन वर्षांपूर्वीच मेलेली.
खाली पाण्याचा पंप सुरू झाला,
ट्यूबलाइटने एकदा डोळा मिचकावला.
मी पळत जाऊन फ्रिज बंद केला,
त्याने काय होणार होतं कोण जाणे.
ग्लेनने छातीवर क्रूस काढला, मी पाहिलं नाही असं केलं.

एकाहत्तर टक्क्यांवर ते थांबलं.
थांबलं म्हणजे थांबलंच.
आणि मला परात आठवली.
तांदूळ पसरलेले, त्यांत अंगठीने लिहिलेलं: शर्वरी.
कुमुदचं काय करायचं, कुणी विचारलं नव्हतं.
बॅकअप नव्हता. सासूबाईंनी तांदूळ सारखे केले
आणि संध्याकाळी त्यांचाच भात लावला.

बहात्तर.

मग पडद्यावर निळ्या पट्टीशेजारी एक करडा तुकडा आला.
हे काय लिहिलंय, मी विचारलं.
म्हणजे कुणाच्याही नावावर नसलेली जागा.
चष्मा पुसून मी पुन्हा बघितलं.
चारकोपात, सेक्टर दोनमध्ये,
साठ जीबी मोकळी जागा,
पागडी नाही, बिल्डर नाही, कोर्टात गेलेला दीर नाही.
लगेच काही बसवू नकोस तिथे, मी म्हटलं.
दोन मिनिटं आम्ही नुसते बघत बसलो.

बाकीचं तसं सोपं होतं.
आता बटण दाबलं की काळ्या पाटीवर दोन ओळी येतात.
दहा सेकंद मिळतात. बाण खाली न्यायचा, किंवा नाही.
गप्प राहिलात तर वरचं.
मी बाण खाली नेला.

जुनं उघडलं. सावकाश, नेहमीसारखं कुरकुरत.
पहिलीच पत्रिका काढली, २००३ची:
चि. सौ. कां. च्या पुढे अख्खं नाव, एक वेलांटी हललेली नाही.

फक्त घड्याळ चुकलं होतं.
रात्रीचे साडेनऊ, आणि जुनं म्हणत होतं, दुपारचे चार.
होतं असं, ग्लेन म्हणाला, नवं घड्याळ लंडनचं धरतं,
जुन्याला ते कळत नाही, साडेपाच तास मागे जातं.
एक ओळ टाकली की नीट होईल.

दुपारी चार.
म्हणजे जुन्याच्या हिशेबाने हा पोरगा
अजून दारात चपलाच काढतोय.

राहू दे आजचा दिवस, मी म्हटलं.
आणि उठले, बोंबील काढायला.
फ्रिज बंदच होता.